विहीणबाईंची जबानी

ओट्याला टेकून विहीणबाई त्यांच्या चिनीत बराच वेळ बोलल्या. हातातला थर्मास त्यांनी खाली ठेवला, परत उचलला, झाकण घट्ट केलं, सैल केलं, आणि सगळा वेळ नजर माझ्यावर. मधे एकदा त्यांनी खिडकीकडे हात करून बाहेरचं काहीतरी दाखवलं. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरचे पाइप, दुसरं काही नव्हतं. मग पुन्हा सुरू. शेवटी खाली मान घालून थांबल्या. मी सुनेकडे पाहिलं. सून बशा पुसत होती. हातातली बशी तिनं पुसून संपवली, जागेवर ठेवली आणि म्हणाली, “आई, ती म्हणते, तो शांतपणे गेला.” मी नेहमीसारखे विहीणबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि मान हलवली. थोडं हसलेसुद्धा असेन. त्यांनी डोळे पुसले आणि त्या आतल्या खोलीत निघून गेल्या. माझ्या मुलाला जाऊन तेव्हा दोन महिने होत आले होते, आणि हे वाक्य मी सुनेच्या तोंडून तिसऱ्यांदा ऐकत होते. पहिल्या दोन वेळेला मी शुद्धीवर नव्हते म्हटलं तरी चालेल. या वेळी मात्र माझ्या लक्षात आलं की इतकं सगळं बोलून शेवटी तीनच शब्द उरत नाहीत.

यात माझी हुशारी काही नाही, धंद्याची सवय. मी जन्मभर कोर्टात लघुलेखक होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, बोलतो, रडतो, मधेच मेव्हण्याच्या नावानं बोटं मोडतो, पाणी मागतो, पुन्हा बोलतो. न्यायाधीश ते सगळं ऐकतात, माझ्याकडे वळतात आणि सांगतात, लिहा, साक्षीदाराचं म्हणणं असं की घटनेच्या वेळी तो घरी नव्हता. माझी पेन्सिल तेवढं लिहिते. साक्षीदार माझ्याकडे आशेनं बघत असतो, कारण त्याला वाटतं की या बाईनं आपला शब्द न् शब्द उतरवून घेतला. तीस वर्षं मी त्या गळालेल्या बोलण्याच्या शेजारी बसून पगार घेतला आणि मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, कारण काम तसंच चालतं. पण ही साक्ष माझ्या मुलाच्या मरणाची होती. शेवटच्या दिवशी त्याच्यापाशी विहीणबाई होत्या, दुसरं कोणी नव्हतं. ताप छातीत उतरला म्हणून त्याला इस्पितळात ठेवलं, चार दिवस होता. रात्री सून बसायची, दिवसा तिची आई. मी वाटेत होते. त्यानंच फोनवर सांगितलं होतं, अगं घाई नको करूस, सावकाश ये, आणि मी मेलीनं ऐकलं. सावकाश आले.

मी सुनेला विचारलं, “अगं, त्या एवढा वेळ बोलत होत्या.”

“ती तशीच बोलते, आई. एक गोष्ट दहादा. सोड ना.”

सोड ना. हे त्याचं. माझ्या मुलानं तिला मराठी शिकवली ती स्वतःची शिकवली, त्यामुळे तिला ‘आभारी आहे’ म्हणता येत नाही पण ‘च्यायला’ अगदी जागच्या जागी येतं. चिडली की ती त्याच्यासारखं नाक वर करून ‘बरं बाई’ म्हणते. पहिले काही दिवस मी तिला उगीच बोलतं करायचे, तेवढाच तो घरात. ती गुणी पोर आहे, माझं औषधपाणी बघते, मला एकटीला परत जाऊ दिलं नाही, हे मी कधी नाकारणार नाही. पण त्या संध्याकाळी ती माझ्याकडे न बघता कपाटाचं दार लावत होती, आणि मी मनात म्हणत होते, पोरी, लिहा म्हणणारी तू कोण?

दुसऱ्या दिवशी मी फिरायला जाते सांगून बाहेर पडले. चिनी भाषेची शिकवणी एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या मजल्यावर होती. जिन्यात टायरचा वास, वर एक लांबट खोली, पांढरा फळा, दहाबारा खुर्च्या. शिकवणारी मुलगी चिनी, पण मराठी बोलणारी, माझ्या सुनेहून लहान, केस कापलेले, हसणं बेताचं. मी मनात तिला मास्तरीण म्हणायला लागले. तिनं एकेकाला उठवून विचारलं की कशाला शिकायचंय. एक गृहस्थ खेळण्यांचा व्यापार करायचे, त्यांना दलाल नको होता. एका मुलीला परीक्षा द्यायची होती. माझ्यावर पाळी आली तेव्हा म्हटलं, घरात पाहुण्या आहेत. मास्तरीण म्हणाली, “पाहुण्या किती दिवस आहेत?” मी म्हटलं, “कळेपर्यंत.” खेळणीवाले मोठ्यानं हसले. त्यांना तो विनोद वाटला, मग मीही हसून घेतलं.

साठी ओलांडल्यावर माणसानं काय शिकू नये याची यादी केली तर चिनी भाषा बरीच वर येईल. पहिल्या आठवड्यात जबडा दुखायला लागला. खरोखर दुखायला, कानाच्या पुढे, दात काढल्यावर दुखतो तसा. जीभ मागे वळवून टाळूला लावायची, पण लावायची नाही, मधून हवा सोडायची. मास्तरीण स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवायची आणि मी बघत बसायचे. जिची पेन्सिल भल्या भल्या वकिलांच्या तोंडाला पुरी पडली ती मी, आता ‘माझं घर लांब आहे’ एवढं म्हणायला चुलीवर भात शिजावा इतका वेळ घेत होते. मास्तरीण माझ्या खुर्चीशी आली की मी शाळकरी पोरासारखी पायातली चप्पल शोधायला वाकायचे. एकदा तिनं सगळ्यांसमोर एकच शब्द माझ्याकडून इतक्यांदा म्हणवून घेतला की मला रडू फुटलं, आणि मी रडत रडत तो म्हटला तर बाई म्हणाली, आत्ता बरोबर. त्या दिवशी जिना उतरताना ठरवलं होतं की बस झाली शोभा. खाली फूटपाथवर उभी राहिले. एका शिकाऊ ड्रायव्हरनं गाडी मागे घेताना कुंडीला धडक दिली, शिकवणारा ओरडला, तो पुन्हा मागे घ्यायला लागला. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून रेघांची वही घेतली आणि घरी आले.

लघुलिपी कामाला आली. तिच्यात रेघेच्या वर लिहिलं तर एक, रेघेवर लिहिलं तर दुसरं, रेघ कापून गेलं तर तिसरं. मी चिनी सूर तसे मांडले. चढता आवाज रेघेच्या वर, पडता खाली, सपाट तो रेघेवर, आणि खाली जाऊन वर येणारा, ज्यानं माझे नाकी नऊ आणले, त्याला मी कापणारी रेघ दिली. मास्तरीण माझ्या वहीत डोकावून म्हणाली, ही कुठली भाषा? म्हटलं, कोर्टाची. न्हाणीघरात नळ सोडून सराव करायचे. पाणी फार जातं म्हणून सून कुरकुरली तेव्हा टॉवेल तोंडावर धरून करायला लागले. आरशात त्या टॉवेलवर दोन डोळे दिसायचे, म्हातारीचे, हट्टाला पेटलेले. त्या डोळ्यांकडे बघून कधी कधी त्याची आठवण यायची. लहानपणी त्याला शिट्टी वाजवता येत नव्हती. गालांचे फुगे करून तो महिनाभर घरभर नुसती हवा फुंकत फिरला, कोणी हसलं की दार लावून घ्यायचा. आली शेवटी, पण कशी आली ते मी पाहिलं नाही, कामावर होते. त्याच्या बऱ्याच गोष्टी मी कामावर असताना झाल्या. मी घरी आले की त्या झालेल्या असायच्या, आणि कोणीतरी मला थोडक्यात सांगायचं.

पुस्तकात विमानतळ होता, हॉटेल होतं, टॅक्सी होती, कपड्यांची दुकानं तर किती. माझ्या कामाचं काहीच नव्हतं. मी मास्तरणीला म्हटलं, मला इस्पितळातले शब्द हवेत. तिनं डोकेदुखी आणि सर्दी लिहून दिली. म्हटलं, श्वास. श्वास थांबणं. शेवटचा. ती खडू, म्हणजे ते फळ्याचं पेन, हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. “हे सगळं दुसऱ्या वर्षाला येतं,” ती म्हणाली. “मला पहिल्या वर्षाला लागतंय,” मी म्हटलं. तिनं जास्त विचारलं नाही, पण त्या दिवसापासून शिकवणी सुटल्यावर ती मला थांबवून घ्यायची. तिनंच मला विहीण हा शब्द दिला. मला वाटलं होतं, विहीण म्हणजे काय हे हिला समजावता समजावता सकाळ जाईल. तर तिला लगेच कळलं. मुलाची सासू ना, असा शब्द आहे की आमच्यात, छिंग-ज्या. मी तो रस्ताभर म्हणत आले. इतकी माणसं, इतकी नाती, आणि या एका नात्याला दोन्ही घरी नेमका शब्द होता. उगीचच फार बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र मला जमत नव्हती आणि तीच मला हवी होती. मला रागावायचं होतं. विहीणबाईंवर, सुनेवर, कोणावर ते ठरलं नव्हतं, पण अंगात राग होता आणि तो मराठीत कसा काढायचा ते मला येतं. आवाज चढवायचा, शब्द कोणताही चालतो. ‘जेवलीस का’ हेसुद्धा असं विचारता येतं की समोरच्याचा घास अडकावा. इथे आवाज चढवला की शब्दच बदलायचा. चढ-उतार सगळे शब्दांनी आधीच घेऊन टाकलेले, माझ्या रागाला जागाच उरली नव्हती. मी मास्तरणीला विचारलं, “मग तुम्ही लोक चिडता कसे?” ती हसली, पहिल्यांदाच मोकळं. म्हणाली, “आम्हीही ओरडतो, आजी. पण तुम्ही आत्ता ओरडलात तर कोणाला काही कळणार नाही. तुम्ही सांगा. मी रागावले आहे, असं नीट सांगा.” मला ते फारच मिळमिळीत वाटलं.

मग हळूहळू घरात कान उघडायला लागले. मायलेकी स्वयंपाकघरात बोलायच्या आणि मी बाहेर पेपर धरून बसायचे. आधी नुसता आवाज होता, मग त्यातून पाणी हा शब्द वर आला, मग उद्या, मग महाग. एके सकाळी अख्खं वाक्य कळलं. विहीणबाई म्हणाल्या, हिनं आज कमी खाल्लं. हिनं म्हणजे मी. इतके महिने त्यांच्या तोंडून काहीतरी गूढ, काहीतरी माझ्यापासून लपवलेलं बाहेर पडतंय असं मी धरून चालले होते, आणि त्या माझ्या जेवणाची काळजी करत होत्या. चोरून ऐकल्याची लाज वाटली. आणि भीती. ती त्या दिवसापासून सुरू झाली. आता कधीही कळेल अशी भीती. शांतपणे गेला, हे वाक्य वाईट नव्हतं. त्याच्यावर डोकं टेकून झोप लागत होती. मी दोन दिवस शिकवणीला गेले नाही, खरंच फिरायला गेले, तळ्याभोवती चकरा मारल्या आणि स्वतःला समजावलं की त्या पोरीनं विचार करूनच तीन शब्द निवडले असतील, तू कशाला खपली काढतेस. तिसऱ्या दिवशी पाय आपसूक टायरच्या वासाकडे वळले. जन्मभर दुसऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलं. हे एक मला स्वतः ऐकायचं होतं, वाईट असलं तर वाईट.

वर्ष व्हायच्या आत विहीणबाईंचं परतीचं तिकीट आलं. त्या यायच्या आधी तिकडे शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायच्या, आणि आता त्यांच्या बहिणीला त्यांची गरज होती, एवढं मला कोणी न सांगताच कळलं होतं. रविवारची दुपार होती. सून आतल्या खोलीत दार लावून ऑफिसच्या कुणाशी तरी फोनवर बोलत होती. विहीणबाई बाहेरच्या खोलीत जमिनीवर बॅग उघडून बसल्या होत्या आणि माझ्या उशीच्या अभ्र्याची उसवलेली शिवण घालत होत्या. जायच्या आधी घरातलं सगळं उसवलेलं शिवून टाकायचं असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मी समोर खुर्ची ओढली. मनात मांडलेलं लांबलचक वाक्य ऐन वेळी दगा देऊन गेलं, आणि जे हाताशी राहिलं तेवढंच मी म्हटलं. छिंग-ज्या. तो दिवस. मला सांगा. सावकाश सांगा.

सुई थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या बंद दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांनी काहीतरी भराभर विचारलं ते मला कळलं नाही. मी म्हटलं, मी शिकले. सावकाश. मग त्या बोलल्या, एका लहान मुलाशी बोलावं तसं, एकेक शब्द ठेवत. सकाळी त्याला बरं वाटत होतं. तो झोपला. गरम पाणी संपलं होतं. त्या मजल्यावरचं यंत्र बिघडलं होतं, म्हणून मी खाली गेले. खाली रांग होती. पाणी भरलं. फाटकाजवळ बाक होता. विहीणबाई थांबल्या आणि त्यांनी खिडकीकडे हात केला. ऊन होतं, त्या म्हणाल्या. चार दिवस मी ऊन पाहिलं नव्हतं. मी बाकावर बसले. थोडा वेळ. ऊन चांगलं होतं. वर आले तेव्हा नर्स पडदा ओढत होती.

यातला एकही शब्द अवघड नव्हता. वर, खाली, पाणी, बाक, ऊन. हवामानाच्या धड्यातलं ऊन. मला सगळं कळलं आणि पुन्हा ऐकायची गरज उरली नाही. तो एकटा होता. कोणीच नव्हतं. मी वाटेत आणि ही बाई उन्हात. माझ्या पायांतून काहीतरी वर चढत आलं, तळपायाची आग मस्तकात म्हणतात ती ही, आणि ती घशाशी येऊन अडली, कारण तोंडात तिच्यासाठी शब्द नव्हता. विहीणबाई म्हणाल्या, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही आलात त्या दिवशी. मग पुन्हा. मग स्वयंपाकघरात. तिन्ही वेळा तुम्ही माझे हात धरलेत.

धरले होते. मान हलवली होती, हसलेही होते. शब्दही न कळता मी या बाईला तीनदा माफ केलं होतं, आणि ती त्या माफीवर इतके महिने माझ्या शेजारी जेवली, झोपली, माझे कपडे वाळत घातले. जी माफी द्यायची की नाही हे मी ऐकल्यावर ठरवायचं, ती मी चिनी शिकायला निघायच्या आधीच देऊन बसले होते. विहीणबाईंनी अभ्रा मांडीवर ठेवला होता आणि त्यांचे दोन्ही हात त्यावर पालथे पडलेले होते, सुईची भोकं पडलेली जाड बोटं. धरायला सोपे होते. एकदा मान हलवली असती तर चौथ्यांदाही निभावून गेलं असतं, त्या सुखानं विमानात बसल्या असत्या, आणि मीही चांगली बाई म्हणून उरले असते. माझे हात तसे उचललेही गेले. पण मग सुनेच्या तीन शब्दांत आणि माझ्यात फरक काय राहिला असता? न बोललेलं लिहून देणारी आणखी एक. मी हात परत मांडीवर आणले.

मी म्हटलं, तेव्हा मला कळलं नव्हतं. आज कळलं. आवाज चढू नये म्हणून मी प्रत्येक सूर जागेवर ठेवत होते, त्यामुळे बोलणं फार हळू येत होतं. मग म्हटलं, मी रागावले आहे. खूप रागावले आहे. नीट सांगितलं, मास्तरणीनं सांगितलं होतं तसं, आणि ते मिळमिळीत नव्हतं. इतकं उघडं वाक्य मी मराठीत कोणालाही कधी बोलले नव्हते. नवऱ्यालाही नाही.

विहीणबाईंचा चेहरा आधी पांढरा झाला. मला वाटलं, रडतील. त्या रडल्या नाहीत. खांदे खाली आले, आणि त्यांनी सुई काळजीपूर्वक अभ्र्यात टोचून ठेवली. मग म्हणाल्या, मला वाटायचंच. इतकी चांगली बाई कुठे असते का, असं मला रोज वाटायचं. माझी भीती वाढत होती.

मला हसू आलं. भर रागात, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, हसू. त्याही हसल्या नाहीत असं नाही. राग कमी झाला असं मी म्हणणार नाही, तो आजही आहे, ऊन चांगलं पडलं की येतो. पण खोलीत आता आम्ही दोघी होतो, मधे कोणी नव्हतं, आणि मला एकदम दिसलं की त्या थोड्या वेळाचा साक्षीदार कोणीच नाही, तो वेळ माझा नाही आणि त्यांचाही नाही. त्याच्या आधीचे चार दिवस मात्र या बाईपाशी सबंध पडून आहेत. चार दिवस तिनं त्याला उठवलं, बसवलं, पाणी पाजलं. तो काय बोलला, कशावर चिडला, कोणत्या कुशीवर झोपला, दाढी वाढली होती का, त्या दोघांनी एकमेकांची भाषा येत नसताना दिवसभर काय केलं. हे मला कोणी थोडक्यातसुद्धा सांगितलेलं नव्हतं.

मी खुर्ची सोडून खाली, बॅगेच्या पलीकडे, जमिनीवर बसले. गुडघे कटकटले. म्हटलं, पहिला दिवस सांगा. सकाळपासून.

विहीणबाईंनी थर्मासमधलं पाणी दोन पेल्यांत ओतलं, एक माझ्याकडे सरकवला, आणि बोलायला लागल्या. निम्मं मला कळत नव्हतं. मी हात वर करून थांबवत होते, पुन्हा म्हणायला लावत होते, त्या पुन्हा म्हणत होत्या. पहिल्या सकाळी त्यानं त्यांच्याकडे कंगवा मागितला होता, हातवारे करून, आणि त्यांनी कात्री आणून दिली होती. एवढ्यात आतलं दार उघडलं. सून फोन हातात घेऊन उभी होती, एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत, आणि तिच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. ती लगबगीनं मधे येऊन बसायला लागली.

“आई, ती काय म्हणते ना, म्हणजे तिचं म्हणणं असं की...”

“तू थांब जरा,” मी म्हटलं. “आम्ही बोलतोय.”